पेशीच्या दारातली जोडगोळी

पांढऱ्या पेशींना वाट दाखवणारे रिसेप्टर एकेकटे काम करतात, असे गृहीत धरून अनेक औषधे बनवली गेली. हे रिसेप्टर जोडीने वावरत असतील, तर ‘एका औषधाचा नेम एकाच लक्ष्यावर’ या कल्पनेचाच फेरविचार करावा लागतो.

पायात काटा मोडला, की थोड्याच वेळात ती जागा लाल होते, ठणकू लागते आणि काटा तसाच राहिला तर एक-दोन दिवसांत पू धरतो. पू म्हणजे मुख्यतः तिथे लढून मेलेल्या पांढऱ्या पेशी. पण रक्तासोबत सगळ्या शरीरभर फिरणाऱ्या या पेशींना नेमक्या त्याच टाचेत उतरायचे आहे, हे कळते कसे?

त्यांना वाट दाखवणाऱ्या रेणूंना केमोकाइन म्हणतात. ही अगदी लहान प्रथिने. जखम झालेल्या किंवा जंतू शिरलेल्या भागातल्या पेशी ती बाहेर सोडतात. जखमेजवळ त्यांचे प्रमाण दाट असते आणि दूर जावे तसे ते विरळ होत जाते. मोगरा कुठे फुलला आहे हे जसे वासाच्या मागाने शोधता येते, तशी पांढरी पेशी विरळ भागाकडून दाट भागाकडे सरकत मुक्कामी पोहोचते.

केमोकाइन फक्त जखमेपुरते नसतात. गर्भात अवयव घडताना पेशींनी कुठे जाऊन वसायचे, अस्थिमज्जेत तयार झालेल्या पेशींनी तिथेच थांबायचे की रक्तात उतरायचे, हेही तेच ठरवतात. या यंत्रणेचा तोल गेला, की संधिवातासारख्या आजारात पांढऱ्या पेशी नको तिथे गर्दी करतात. कर्करोगाच्या पेशी तर हीच वाट वापरून दुसऱ्या अवयवांत पसरतात. म्हणूनच गेली तीस वर्षे औषध कंपन्यांचे या रेणूंकडे बारीक लक्ष आहे.

सात टाक्यांचे कुलूप

केमोकाइनचा संदेश पकडण्यासाठी पेशीच्या पटलावर खास प्रथिने असतात. त्यांना रिसेप्टर म्हणतात. मानवी शरीरात केमोकाइन जवळपास पन्नास आणि ते पकडणारे रिसेप्टर सुमारे वीस. म्हणजे एकेक रिसेप्टर अनेक केमोकाइन ओळखतो आणि एकेक केमोकाइन अनेक रिसेप्टरांना चालतो. यांपैकी तीनच नावे इथे लक्षात ठेवायची आहेत : सीसीआर-२, सीसीआर-५ आणि सीएक्ससीआर-४.

या तिघांची घडण सारखी आहे. सुईने कापडात आतबाहेर सात टाके घालावेत, तशी या प्रथिनाची साखळी पेशीपटलातून सात वेळा आरपार जाते. बाहेरच्या बाजूला केमोकाइन येऊन बसला, की साखळीचा आकार किंचित बदलतो आणि आतल्या बाजूला असलेल्या जी-प्रथिनाला इशारा मिळतो. पुढे पेशीचा सांगाडा हलतो आणि पेशी चालू लागते. अशा सात टाक्यांच्या रिसेप्टरांचे घराणे फार मोठे आहे. माणसात त्यांची सुमारे आठशे जनुके आहेत. रक्तदाबावरची बीटा-ब्लॉकर औषधे, अ‍ॅलर्जीवरच्या गोळ्या यांचे काम याच घराण्यावर चालते. आज वापरात असलेल्या औषधांपैकी साधारण एक तृतीयांश औषधे या रिसेप्टरांना लक्ष्य करतात. या घराण्यावरच्या संशोधनासाठी रॉबर्ट लेफ्कोविट्झ आणि ब्रायन कोबिल्का यांना २०१२ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

पाठ्यपुस्तकांत हे सगळे कुलूप-किल्लीच्या उपमेने समजावले जाते. रिसेप्टर हे कुलूप, केमोकाइन ही किल्ली आणि औषध म्हणजे कुलपाच्या भोकात अडकवलेला खिळा. चित्र सोपे आहे आणि एका मोठ्या यशाने त्याला बळही दिले.

एचआयव्हीने दाखवलेले दार

१९९६ मध्ये एकापाठोपाठ आलेल्या शोधनिबंधांनी एचआयव्हीचे एक जुने कोडे सोडवले. हा विषाणू पांढऱ्या पेशीत शिरताना सीडी-४ नावाच्या प्रथिनाला धरतो, हे आधी माहीत होते. पण तेवढ्याने दार उघडत नाही. त्याला सोबत सीसीआर-५ किंवा सीएक्ससीआर-४ लागतो, हे त्या वर्षी स्पष्ट झाले. त्याच वर्षी असेही दिसले, की सीसीआर-५ च्या जनुकातून ३२ अक्षरे गळालेल्या काही व्यक्तींना वारंवार संपर्क येऊनही एचआयव्हीची लागण होत नाही. आई आणि वडील दोघांकडूनही हा बदल मिळालेल्यांच्या पेशींवर सीसीआर-५ मुळी उगवतच नाही. उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत असे साधारण शंभरात एक जण असतात. भारतीयांमध्ये हा बदल फारच दुर्मीळ आहे.

बर्लिनमध्ये राहणाऱ्या टिमोथी रे ब्राउन या अमेरिकी रुग्णाला एचआयव्हीबरोबरच रक्ताचा कर्करोगही झाला होता. २००७ मध्ये डॉक्टर गेरो ह्युटर यांनी त्याच्यासाठी मुद्दाम हा बदल असलेला मूळपेशींचा दाता शोधला. प्रत्यारोपणानंतर ब्राउनने एचआयव्हीची औषधे थांबवली आणि विषाणू परतला नाही. २०२० मध्ये त्याचा मृत्यू झाला तो उलटलेल्या कर्करोगाने. एचआयव्हीतून बरा झालेला पहिला माणूस म्हणून त्याची नोंद झाली.

२००७ मध्येच सीसीआर-५ अडवणारे मॅराव्हिरॉक हे औषध अमेरिकेत मंजूर झाले. भारतात आढळणारा एचआयव्ही बहुतांशी ‘सी’ उपप्रकारचा आणि मुख्यतः सीसीआर-५ वापरणारा आहे. तरी आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमाचा भर डोलुटेग्राविरवर आधारित गोळ्यांवर आहे. त्या विषाणूच्या वाढीवर घाव घालतात, दारावर नाही. मॅराव्हिरॉक देण्याआधी तर विषाणू कोणते दार वापरतो याची वेगळी तपासणी करावी लागते, कारण सीएक्ससीआर-४ वापरणाऱ्या विषाणूवर ते चालत नाही.

इथवर कुलूप-किल्लीचे चित्र बिनचूक वाटते. एक कुलूप बंद केले, एक दार बंद झाले. मात्र १९९७ मध्येच एक विसंगत निरीक्षण पुढे आले होते. सीसीआर-२ च्या जनुकात एका अक्षराचा बदल असलेल्या एचआयव्हीबाधितांना एड्सची अवस्था इतरांपेक्षा दोन ते चार वर्षे उशिरा गाठत होती. एचआयव्ही सीसीआर-२ चे दार सहसा वापरतच नाही. मग न वापरलेल्या दारातल्या बदलाने फरक का पडावा?

दहा नॅनोमीटरचा पुरावा

स्पेनमधील माद्रिदच्या राष्ट्रीय जैवतंत्रज्ञान केंद्रातील संशोधकांनी १९९९ मध्ये एक शक्यता मांडली. हे रिसेप्टर पेशीपटलावर सुटे नसतात, ते दोन-दोनच्या जोडीने असतात. कधी दोन्ही एकाच प्रकारचे, कधी वेगवेगळे. बदललेला सीसीआर-२ शेजारच्या दारांशी जोडी जमवून विषाणूच्या कामात खोडा घालत असावा, असे त्यांचे म्हणणे होते. एचआयव्हीबाबतचे हे स्पष्टीकरण सर्वांना पटले नाही आणि त्यावरचे मतभेद मिटलेले नाहीत. पण जोडीची कल्पना मात्र रुजली. त्याला आणखी एक कारण होते. याच घराण्यातला, मेंदूत काम करणारा गाबा-बी हा रिसेप्टर दोन भिन्न प्रथिने एकत्र आल्याशिवाय चालतच नाही, हे १९९८ मध्ये सिद्ध झाले होते.

पण दोन रिसेप्टर खरोखर चिकटलेले आहेत की नुसते शेजारी आहेत, हे कळणार कसे? साध्या सूक्ष्मदर्शकाला साधारण दोनशे नॅनोमीटरच्या आतले दोन ठिपके वेगळे दिसत नाहीत. (माणसाच्या केसाची जाडी सुमारे ऐंशी हजार नॅनोमीटर असते.) यावर एक नामी युक्ती निघाली. एका रिसेप्टरला समुद्री जीवाकडून घेतलेले प्रकाश देणारे प्रथिन जोडायचे. दुसऱ्याला असे प्रथिन जोडायचे, की जे ऊर्जा मिळाली तर वेगळ्या रंगात चमकते. दोघांमधले अंतर दहा नॅनोमीटरच्या आत असेल, तरच पहिल्याची ऊर्जा दुसऱ्याकडे उडी मारते आणि दुसरा रंग दिसतो. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अनेक प्रयोगशाळांनी ही युक्ती वापरली. सीसीआर-२, सीसीआर-५ आणि सीएक्ससीआर-४ या तिघांच्या बाबतीत दुसरा रंग दिसला. आपापसात आणि एकमेकांशी, अशा दोन्ही जोड्या आढळल्या. आधी माद्रिदच्या गटाला वाटत होते, की केमोकाइन आल्यावर जोडी जमते. या प्रयोगांत ती केमोकाइन नसतानाही जमलेली दिसली.

२०१० मध्ये अमेरिकेतील स्क्रिप्स संशोधन संस्थेत बेइली वू, रेमंड स्टीव्हन्स आणि सहकाऱ्यांनी सीएक्ससीआर-४ चे स्फटिक बनवून क्ष-किरणांनी त्याची रचना उलगडली. या रिसेप्टरच्या एकूण पाच रचना त्यांनी प्रसिद्ध केल्या. पाचही रचनांत दोन रिसेप्टर एकमेकांना टेकून उभे होते आणि ते मुख्यतः पाचव्या व सहाव्या टाक्यापाशी भिडलेले होते.

एक बैल बसला की...

जोडी असते एवढ्यावर हा विषय संपला असता, तर तो रेणूशास्त्रज्ञांपुरताच राहिला असता. बेल्जियममधील ब्रुसेल्स विद्यापीठात मार्क पारमाँतिए यांच्या गटाने केलेल्या प्रयोगांमुळे तो औषधांपर्यंत पोहोचला.

या गटाने २००५ मध्ये सीसीआर-२ आणि सीसीआर-५ ची जोडी तपासली. सीसीआर-५ ला त्याचा केमोकाइन मिळाला, की शेजारच्या सीसीआर-२ ची स्वतःच्या केमोकाइनवरची पकड सैल होत होती. सीसीआर-५ चा केमोकाइन सीसीआर-२ ला शिवतही नव्हता. म्हणजे निरोप एका जोडीदाराकडून दुसऱ्याकडे, पटलाच्या आतूनच गेला होता. पुढे सीसीआर-२ आणि सीएक्ससीआर-४ च्या जोडीतही हेच दिसले.

मग २००९ मध्ये त्यांनी औषधांची परीक्षा घेतली. टॅक-७७९ हा रेणू सीसीआर-२ आणि सीसीआर-५ ला अडवतो. सीएक्ससीआर-४ वर तो बसत नाही. ज्या पेशींवर एकटा सीएक्ससीआर-४ होता, तिथे अपेक्षेप्रमाणे या रेणूचा काही परिणाम झाला नाही. पण ज्या पेशींवर हे रिसेप्टर एकत्र नांदत होते, तिथे टॅक-७७९ दिल्यावर सीएक्ससीआर-४ चेही काम मंदावले. उलट दिशेनेही तसेच घडले : सीएक्ससीआर-४ चे औषध दिल्यावर त्याचे जोडीदार गप्प झाले. असा परिणाम प्रयोगशाळेत घडवलेल्या पेशींपुरता नव्हता, तो रक्तातून घेतलेल्या पांढऱ्या पेशींतही दिसला.

बैलगाडीला जुंपलेल्या जोडीतला एक बैल बसला, की दुसरा कितीही दमदार असला तरी गाडी अडते. गाडीवानाने चाबूक कोणत्या बैलावर उगारला होता, याला मग अर्थ उरत नाही. ‘निवडक’ म्हणवणारे औषधही असेच, एकाला लागते आणि दोघांना थांबवते. त्यातही, कोणत्या पेशीवर कोणती जोडी आहे, यानुसार एकाच औषधाचा परिणाम पेशीगणिक बदलू शकतो. फक्त एकच रिसेप्टर असलेल्या पेशींवर औषध पारखले, तर हा फरक दिसण्याचा मार्गच नसतो.

शेपूट तुटलेला जोडीदार

जोडीचा हा प्रश्न रुग्णाच्या आयुष्याला कसा भिडतो, हे ‘व्हिम’ नावाच्या दुर्मीळ आनुवंशिक आजारात दिसते. या रुग्णांच्या अंगावर चामखिळी येत राहतात, रक्तातली प्रतिपिंडे कमी असतात आणि लहानपणापासून जंतुसंसर्ग पाठ सोडत नाही. त्यांच्या अस्थिमज्जेत पांढऱ्या पेशी तयार होतात, पण तिथेच अडकून पडतात. रक्तात त्यांची टंचाई आणि मज्जेत गर्दी, असा उलटा प्रकार.

२००३ मध्ये याचे मूळ सीएक्ससीआर-४ च्या जनुकात सापडले. या रिसेप्टरला पेशीच्या आत एक शेपूट असते. काम झाल्यावर संदेश बंद करण्याची कळ तिथे असते. बहुतेक व्हिम रुग्णांत हे शेपूटच अर्धवट तुटलेले असते. त्यामुळे ‘मज्जेतच थांबा’ हा संदेश बंद व्हायला हवा तेव्हा होत नाही.

या आजारात जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकच बिघडलेली असते. दुसऱ्या प्रतीतून धडधाकट सीएक्ससीआर-४ तयार होत असतो. निम्मे रिसेप्टर निरोगी असताना आजार एवढा ठळक का? फ्रान्समधील संशोधकांनी २००८ मध्ये दाखवले, की तुटक्या शेपटीचा रिसेप्टर निरोगी रिसेप्टरशी जोडी करतो आणि त्यालाही वेळेवर बंद होऊ देत नाही. बिघाड एकात, पण बाधा दोघांना. सीएक्ससीआर-४ ला अडवणारी मॅव्होरिक्साफोर ही तोंडाने घ्यायची कॅप्सूल एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेत बारा वर्षांवरील व्हिम रुग्णांसाठी मंजूर झाली. या आजाराच्या मुळावर बेतलेले हे पहिले मंजूर औषध.

सीएक्ससीआर-४ च्या आणखी एका औषधाची गोष्ट भारतातल्या रुग्णालयांपर्यंत येते. प्लेरिक्साफोर हे औषध मुळात एचआयव्हीसाठी तपासले जात होते. चाचण्यांत सहभागी झालेल्यांच्या रक्तात पांढऱ्या पेशी अचानक वाढलेल्या दिसल्या. कारण पुढे उलगडले : सीएक्ससीआर-४ ही मूळपेशींना मज्जेत धरून ठेवणारी कडी होती आणि औषधाने तीच सोडवली होती. एचआयव्हीवरचा उपाय म्हणून ते मागे पडले. पण मल्टिपल मायलोमा आणि लिम्फोमा या कर्करोगांत, रुग्णाच्याच मूळपेशी रक्तात उतरवून त्या गोळा करण्यासाठी २००८ मध्ये ते मंजूर झाले. आज भारतातही मूळपेशी प्रत्यारोपणापूर्वी, नेहमीच्या इंजेक्शनांनी पुरेशा पेशी मिळत नसतील तेव्हा, ते वापरले जाते.

लग्न की ओळख?

हे सगळे असूनही या विषयावरचा वाद संपलेला नाही. शंका घेणाऱ्यांचे मुद्देही वजनदार आहेत. पहिला मुद्दा गर्दीचा. प्रयोगासाठी पेशींवर नेहमीपेक्षा किती तरी जास्त रिसेप्टर उगवले जातात. सायंकाळच्या लोकलच्या डब्यात शेजारी उभे असलेले दोघे एकमेकांचे नातलग असतातच असे नाही. दहा नॅनोमीटरचा पुरावा अशा रेटारेटीतूनही मिळू शकतो. दुसरा मुद्दा स्फटिकाचा. स्फटिक बनताना प्रथिने एकमेकांजवळ दाबली जातात, त्यामुळे तिथे दिसलेली जोडी जिवंत पेशीत तशीच असेल याची हमी नाही. तिसरा मुद्दा असा, की या घराण्यातला एखादा रिसेप्टर एकटा ठेवला तरी जी-प्रथिनाला इशारा देऊ शकतो, हे २००७ मध्ये अ‍ॅड्रेनलिनच्या रिसेप्टरवर दाखवले गेले. मग जोडीची गरजच काय?

यावर उत्तर शोधण्यासाठी सुटा रेणू टिपू शकणारे सूक्ष्मदर्शक कामी आले. माद्रिदच्याच गटाने २०१८ मध्ये एकेका रिसेप्टरचा पाठलाग करून दाखवले, की केमोकाइन मिळाल्यावर सीएक्ससीआर-४ चे केवळ जोड्याच नव्हे, तर लहान घोळकेही बनतात आणि पेशीला दिशा सापडण्यासाठी ते गरजेचे असतात. जर्मनीतील संशोधकांनी २०२० मध्ये आणखी एक बाजू पुढे आणली. सीएक्ससीआर-४ च्या जोड्या कायमच्या नसतात. त्या जुळतात, सुटतात आणि पुन्हा दुसऱ्याशी जुळतात. पटलावर रिसेप्टर विरळ असतील तर बहुतेक एकटे असतात, दाट असतील तर जोड्या वाढतात.

म्हणजे हे लग्न नाही आणि निव्वळ धक्काबुक्कीही नाही. दोन्ही टोकांच्या मधली, थोड्या वेळाची पण परिणाम घडवणारी भेट आहे. काही कर्करोगांच्या पेशींवर सीएक्ससीआर-४ नेहमीपेक्षा पुष्कळ जास्त असतो. तिथे अशा भेटीही जास्त होणार. त्यामुळे जोडीचा प्रश्न नेमका आजारी पेशीत अधिक महत्त्वाचा ठरू शकतो.

जर्मन संशोधकांच्या त्याच अभ्यासातली दुसरी नोंद औषधशास्त्राच्या दृष्टीने मोलाची आहे. सीएक्ससीआर-४ वर बसणारी सगळी औषधे जोडीशी सारखी वागत नाहीत. काही रेणू रिसेप्टरच्या खाचेत अशा कोपऱ्यात बसतात, की जोडीच फुटते. प्लेरिक्साफोर मात्र रिसेप्टर अडवूनही जोडी तशीच ठेवते. दोन्ही औषधे कागदावर ‘सीएक्ससीआर-४ अवरोधक’ याच नावाखाली येतात. पटलावर त्यांचे काम वेगळे आहे.

औषधाच्या वाटेवर

केमोकाइन रिसेप्टरांना अडवून संधिवात, मल्टिपल स्क्लेरोसिस अशा आजारांवर मात करता येईल, या आशेने अनेक रेणू माणसांवरील चाचण्यांपर्यंत पोहोचले. बहुतेक तिथेच अडले. तीन दशकांच्या खटाटोपानंतर मंजूर झालेली औषधे एका हाताच्या बोटांवर मोजता येतील, एवढीच आहेत. अपयशाची कारणे अनेक : एका केमोकाइनची जागा दुसरा घेतो, औषधाची मात्रा अपुरी पडते, उंदरातला रिसेप्टर माणसासारखा नसतो. या यादीत आता जोडीचाही समावेश झाला आहे. सुट्या रिसेप्टरवर पारखलेले औषध रुग्णाच्या शरीरात जोडीतल्या रिसेप्टरला भेटते आणि हिशेब चुकतो.

त्यामुळे प्रयोगशाळांत आता नवे औषध एकाच रिसेप्टरवर नव्हे, तर जोडीदार असलेल्या खऱ्या पांढऱ्या पेशींवरही तपासावे, असा आग्रह वाढतो आहे. जोडी फोडणारे रेणू, फक्त जोडीलाच ओळखणारे रेणू यांचा शोध सुरू आहे. भारतातही या रिसेप्टर घराण्यावर काम होते. आयआयटी कानपूरमधील अरुण शुक्ला यांच्या प्रयोगशाळेने डफी या रिसेप्टरची रचना २०२४ मध्ये उलगडली. केमोकाइन पकडणारे हे प्रथिन लाल रक्तपेशींवर असते आणि भारतात मोठ्या प्रमाणावर आढळणाऱ्या व्हायवॅक्स मलेरियाचा परजीवी त्याच दारातून आत शिरतो.

वाचकाच्या दृष्टीने यातून आज बदलण्यासारखे काही नाही. मंजूर औषधांची परिणामकारकता आणि सुरक्षितता रुग्णांवर तपासलेली असते. ती रिसेप्टर एकटा आहे की जोडीने, यावर अवलंबून राहत नाही. एचआयव्हीची किंवा कर्करोगाची औषधे चालू असलेल्यांनी या संशोधनाच्या आधारे काहीही बंद किंवा सुरू करू नये. मात्र ‘हे औषध फक्त एकाच ठिकाणी काम करते’ असा दावा वाचनात आला, तर त्या ठिकाणी शेजारी कोण आहे, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. औषध बनवणारेही आता तोच विचारू लागले आहेत.